नळीतला उजेड

भिकाजी मेस्त्रीला लोखंडाची भीती कधी वाटली नव्हती. फोंडाघाटाखालच्या त्याच्या गावात आजोबा कोयते घडवायचे, वडील बैलगाडीच्या चाकांना धावा चढवायचे, आणि भिकाजी आयटीआय करून टर्नर झाला. आधी कोल्हापूरला, मग मस्कतला. बौशरच्या अंगाला घाला म्हणून वर्कशॉपांची वस्ती आहे. तिथे हमूदच्या वर्कशॉपमध्ये तो इतकी वर्षं लेथवर होता की नवं गिऱ्हाईक त्यालाच मालक समजायचं. पंपाचा शाफ्ट असो, टँकरचं कपलिंग असो की होडीच्या पंख्याचा दांडा, भिकाजी आधी त्यावरून अंगठा फिरवायचा आणि मग म्हणायचा, "होईल." त्याच्या तोंडून "नाही होणार" असं हमूदने कधी ऐकलं नव्हतं.

म्हणूनच हमूद बंदूक घेऊन त्याच्याकडे आला.

ऑक्टोबर उतरत आला होता, तरी दुपार तापलेलीच होती. जेवणाच्या सुट्टीत शटर अर्धं खाली ओढलेलं. दाभोळचा मुजम्मिल, वर्कशॉपचा वेल्डर, कोपऱ्यात पुठ्ठा टाकून घोरत होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. हमूद शटरखालून वाकून आत आला आणि चादरीत गुंडाळलेली लांबलचक वस्तू त्याने भिकाजीच्या पुढ्यात ठेवली.

"अबू अशरा," तो म्हणाला. म्हणजे दहांचा बाप. दहा गोळ्यांची जुनी इंग्रजी रायफल. डोंगरातल्या गावांमधून अशा बंदुका घराण्याच्या म्हणून जपलेल्या असतात, लग्नात पुरुष त्या हातात धरून नाचतात. "माझ्या वडिलांची. ते म्हणायचे हरवली. आता जुनं घर उपसलं तर पेटीच्या तळाशी सापडली, खजुराच्या झापांत गुंडाळलेली."

हमूद आणि भिकाजी आपसात आखातातली हिंदी बोलत. क्रियापदं कशीही पडत, पण अर्थ कधी चुकत नसे. भिकाजी त्याला अर्बाब म्हणे, म्हणजे मालक; हमूदच्या तोंडी भिकाजीचं बिकाजी होई.

हमूदच्या थोरल्या मुलाचं लग्न गावी ठरलं होतं. नवऱ्यामुलाने आजोबांच्या बंदुकीने एक बार काढायचा, असं हमूदच्या मनात होतं. पण गाडीत ठेवताना पिकअपचं मागचं फळकं बंदुकीच्या तोंडावर आदळलं आणि तोंड चेपलं.

"चार बोटं कापून टाक. तोंड साफ कर. खलास."

भिकाजीने सवयीने नळीवरून अंगठा फिरवला. लोखंड थंड होतं. एवढ्या उकाड्यात, गाडीतून आणलेलं लोखंड थंड असावं याचं त्याला जरा नवल वाटलं.

"अर्बाब, बंदुकांचे कारागीर असतात ना? निझवाला?"

"आहे ना, खलफान. पण तो बसतो घोळ घालत. परवाना दाखव, पोलिसांची परवानगी आण, हे कशाला, ते कशाला. लग्न काय थांबणार आहे? आणि बिकाजी, तू तेल कंपनीचे पाइप करतोस. हा पण पाइपच."

हे ऐकून आपल्याला बरं वाटलं, असं भिकाजीने नंतर बायकोजवळ कबूल केलं.

हमूदने बंदूक रिकामी असल्याची खात्री करून दिली आणि मागचा खटका, म्हणजे बोल्ट, काढून बाजूला ठेवला. नळी आतून सरळ आहे का पाहावी म्हणून भिकाजीने ती उचलली, चेपलेलं तोंड छपराच्या ट्यूबलाइटकडे केलं आणि मागच्या भोकाला डोळा लावला.

पलीकडे उजेड होता. तांदळाच्या दाण्याएवढा, चेपलेल्या तोंडातून येणारा. पण ट्यूबचा पांढरा फटक उजेड नव्हे तो. उन्हं कलल्यावर डोंगराच्या कडेला जो राहतो तसा, पिवळा, थोडा धुरकट. आणि त्यात काहीतरी हललं. फार लांब, एखादं माणूस वाटेने यावं तसं.

भिकाजीने डोळा काढला. वर ट्यूब होती, ट्यूबवर धूळ होती. आत जुनं तेल वाळलं असेल, त्याचा रंग, असं त्याने ठरवलं.

"होईल," तो म्हणाला. बंदूक त्याने हत्यारांच्या लोखंडी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

भिकाजीचं बिऱ्हाड अल अमेरातला होतं. बायको प्रेमा घरातून जेवणाचे डबे करायची. मुलगा कौशिक पुण्यात शिकत होता, त्यामुळे संध्याकाळी घरात दोघंच. भिकाजीने बंदुकीचं सांगितलं तेव्हा प्रेमा सोलं भिजत घालत होती.

"चार बोटां तर कापूची हत," तो म्हणाला. "अर्ध्या तासाचा काम."

"आणि आप्पाकाकांची बोटां इसरलात?"

तो विसरला नव्हता. त्याच्या चुलत्याकडे रानडुकरांसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. नळी गंजली तेव्हा कुडाळला कारागिराकडे न्यायच्या ऐवजी काकांनी घरच्या भात्यावर स्वतःच ती दुरुस्त केली. पहिल्याच बाराला नळी फुटली. उजव्या हाताची दोन बोटं अंगणातल्या तुळशीजवळ सापडली, आणि ती उचलायला कोणी पुढे होईना, म्हणून लहानग्या भिकाजीच्या आईने ती केळीच्या पानावर घेतली.

"तेंका लेथ खय होतो?" भिकाजी म्हणाला. "माझो हात वेगळो."

"हात तुमचो चांगलोच. पण बंदूक तुमची न्हय. ज्येचा काम तेका करूक देवा. उद्या पोलीस इले तर अर्बाब म्हणतलो, ह्येना केल्यान. मगे काय करशात?"

तिचं बरोबर होतं. पण हमूदचंही काही चूक नव्हतं. कापणं, तोंड घासणं, कडा साफ करणं, यातलं काहीच भिकाजीला नवं नव्हतं. आणि इतक्या वर्षांत न उच्चारलेला नकार आता कुठून काढायचा? नळीतल्या उजेडाबद्दल तो प्रेमाशी बोलला नाही. बोलण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्ली पुन्हा ओस पडल्यावर, त्याने कपाट उघडलं. बंदूक त्याने जशी ठेवली होती तशीच होती. दस्ता खाली, तोंड वर. त्याने ती घेऊन शटरखालून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्याकडे रोखली आणि आत पाहिलं.

तोच उजेड, उन्हाचा नव्हे. पिवळा, संध्याकाळचा. आणि आता चूक व्हायला जागा नव्हती. एक माणूस वाटेने येत होता. कमरेला लुंगी, खांद्यांवर आडवं काही घेतलेलं. चालण्यात घाई नव्हती. दमलेला माणूस घराच्या दिशेने चालतो तसा.

भिकाजीने नळी वळवली, भिंतीकडे केली. माणूस तिथेही होता. लेथकडे केली. तिथेही. नळीचं तोंड त्याने तळहाताने झाकलं. उजेड तरी गेला नाही.

बंदूक खाली ठेवताना त्याच्या हाताला घाम नव्हता, उलट बोटं गार पडली होती. त्याने मुजम्मिलला हलवून उठवलं.

"जरा बघ रे. आत काय दिसतं?"

मुजम्मिलने डोळे चोळले, नळी उचलली, एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"काळोख," तो म्हणाला. "काहीच नाही दिसत. बंद आहे नळी तुझी."

"नीट बघ."

"अरे बाबा, विहिरीत बघतोय मी. बंद आहे." मुजम्मिलने नळी परत दिली आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "तुला काय दिसलं?"

"काही नाही. तुझे डोळे गेलेत वेल्डिंगने."

मुजम्मिल हसला नाही. "भिकू, दुसऱ्याच्या घरातली जुनी हत्यारं हातात घेऊ नयेत. माझी आई सुरीसुद्धा मागून आणायची नाही."

तो आठवडा भिकाजीने इतर कामं पुढे करून काढला. हमूद रोज फोन करायचा. "झालं?" आणि भिकाजी म्हणायचा, "इन्शाल्ला, उद्या." उद्या म्हणायची वेळ आपल्यावर यावी, याचा त्याला स्वतःचाच राग येत होता. डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आला. डॉक्टर म्हणाला, चाळिशीचा चष्मा आहे तेवढाच, बाकी नजर उत्तम.

शेवटी त्याने ठरवलं, की हे मनाचे खेळ कामाला हात घातल्याशिवाय जायचे नाहीत. मुजम्मिल बाहेरच्या साइटवर गेला होता. भिकाजीने नळी दस्त्यापासून सोडवली, लेथच्या चकमध्ये धरली, हाताने फिरवून पाहिली. सरळ होती, सुरेख बसली होती. कुठे कापायचं तिथे त्याने खडूची रेघ ओढली. टूल रेघेजवळ आणलं. बटणावर बोट ठेवलं.

आणि मग, का कोण जाणे, तो लेथच्या मागच्या टोकाला गेला, वाकला आणि शेवटचं म्हणून आत पाहिलं.

उजेड जवळजवळ उरलाच नव्हता. माणूस इतका जवळ आला होता की त्याच्या छातीनेच तो अडला होता. खांद्यावर आडवं होतं ते बकरीचं करडू होतं. चारी पाय त्याने गळ्यापाशी हातात धरले होते. करडाचा एक कान हलला. मग तो माणूस थांबला. भिकाजीला त्याचा चेहरा दिसला नाही, पण तो आपल्याकडे पाहतो आहे हे त्याला कळलं. मागून कोणी टक लावलं की मानेला कळतं, तसं. आणि लेथ बंद, पंखा बंद, शटर खाली असताना त्याला आपल्या कानाशी श्वास ऐकू आला. चढ चढून आलेल्या माणसाचा.

भिकाजी ओरडला नाही. त्याने चक सैल केला, नळी दोन्ही हातांनी उतरवली, चादरीवर ठेवली, आणि बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला. मग हमूदला फोन लावला.

"अर्बाब, हे मी करणार नाही."

"मशीन बिघडली?"

"नाही. हे बंदूकवाल्याचं काम आहे. खलफानकडे न्या. मी बरोबर येतो."

"बिकाजी, तू घाबरलास?"

"हो," भिकाजी म्हणाला.

हमूद चिडेल असं त्याला वाटलं होतं. पण त्याने कधी न ऐकलेला शब्द ऐकला होता, त्यामुळे तोही बहुधा बुचकळ्यात पडला. "बरं," एवढंच म्हणाला. "शनिवारी जाऊ."

पोलिसांकडून लागणारा कागद हमूदने मुकाट्याने करून घेतला. निझवाच्या बाजारामागे एका गल्लीत खलफानचं दुकान होतं. पुढे खंजिरांच्या म्यानांचं चांदीकाम, मागे बंदुका. खलफान म्हातारा, हाडकुळा, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. त्याने परवाना वाचला, कागद वाचला, बंदूक घेतली. नळीला डोळा त्याने लावलाच नाही. पितळेची एक बारीक सळई मागून आत घातली. वीतभर गेली आणि थांबली. पुढच्या तोंडातून घातली. तीही थांबली. त्याने सळईवर अंगठा धरून बाहेर अंतर दाखवलं. दोन्हींच्या मधे बोटाच्या पेराएवढी जागा.

"गोळी अडकली आहे," तो अरबीत म्हणाला आणि हमूदने हिंदी केलं. "आजची नाही. मी लहान असेन तेव्हाची. गंजून नळीशी एकजीव झाली आहे."

हमूदचा चेहरा उतरला. "म्हणजे बार काढला असता तर?"

"तोंड कापलं असतं, घासलं असतं, तरी कळलं नसतं. नवऱ्यामुलाच्या गालापाशी फुटली असती."

हमूद स्टुलावर बसला. भिकाजी मात्र उभाच होता. त्याला निराळाच प्रश्न पडला होता.

"त्यांना सांगा," तो हमूदला म्हणाला, "मी आत पाहिलं आहे. तीन वेळा. आरपार उजेड दिसत होता."

हमूदने त्याच्याकडे पाहिलं, मग सांगितलं. खलफानने चष्मा वर केला.

"कसला उजेड? दिव्याचा?"

"नाही. संध्याकाळचा."

खलफान ओठांतल्या ओठांत बिस्मिल्ला म्हणाला आणि नळीचं तोंड हळूच भिंतीकडे फिरवून ठेवलं.

गोळी काढायला त्याने बरेच दिवस घेतले. तेलात भिजत ठेवलं, पुन्हा भिजत ठेवलं, घाई केली नाही. कापलं काहीच नाही. चेपलेली कड फक्त आतून उचलून गोल केली. हमूद आणि भिकाजी पुन्हा गेले तेव्हा त्याने हिरवट पडलेला एक गोळा हमूदच्या हातावर ठेवला आणि बजावलं, "ही बंदूक आता मोकळी आहे. पण बार काढू नका. धरायला ठेवा."

तिथून हमूदचं गाव जवळच, डोंगराच्या पायथ्याशी. त्याचे वडील सैफ खजुरीच्या बागेत, पाटाच्या कडेला चटईवर बसलेले असत. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचं बोलणं दिवसाला दोन-चार शब्दांवर आलं होतं. बंदूक सापडल्याचं हमूदने त्यांना सांगितलं नव्हतं, लग्नात चकित करायचं होतं. आता मात्र त्याने चादर उलगडली आणि गोळी त्यांच्या मांडीवर ठेवली.

म्हाताऱ्याने गोळी उचलली. बोटांत फिरवली. मग बोलू लागला. इतकं बोलताना हमूदने त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. हमूद ऐकत होता आणि मधूनमधून भिकाजीला सांगत होता.

तेव्हा डोंगरात लढाईचे दिवस होते. सैफ कोवळा पोरगा. रात्री-अपरात्री चोर येत, जनावरं नेत. एका संध्याकाळी त्याने वरच्या खडकावरून पाहिलं, कोणीतरी करडू खांद्यावर टाकून वाटेने येतो आहे. उजेड सैफच्या तोंडावर होता, ओळख पटेना. सैफने नेम धरला आणि चाप ओढला. बारीकसा आवाज झाला, फटाका भिजल्यासारखा. गोळी बाहेर आलीच नाही. माणूस चालत चालत खडकाखाली आला. सैफचा थोरला भाऊ होता, राशिद. हरवलेलं करडू शोधून आणलं होतं. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "काय रे, तिथे काय करतोस?"

"मग?" हमूदने विचारलं.

मग काही नाही. सैफने त्याला कधी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी राशिद गलबतावर कामाला गेला आणि झांझिबारच्या वाटेवर तापाने वारला. बंदूक सैफने पेटीच्या तळाशी घातली आणि घरात सांगितलं, हरवली.

एवढं बोलून म्हाताऱ्याने गोळी परत मांडीवर ठेवली. पाटाचं पाणी वाहत होतं. मग त्याने मान वळवली आणि थेट भिकाजीकडे पाहून एक प्रश्न विचारला. हमूद गोंधळला. त्याने तो प्रश्न दोनदा विचारून घेतला.

"बाबा तुला विचारतायत," तो म्हणाला. "मला कळत नाही काय म्हणतायत ते. विचारतायत, 'तो कुठवर आला होता?'"

नळीत काय दिसलं ते भिकाजीने कोणालाच सांगितलं नव्हतं. हमूदला उजेडापलीकडे काही माहीत नव्हतं. भिकाजीच्या अंगावर काटा आला, आणि तरीही त्याला असं वाटलं की गेले काही आठवडे आपण ज्याच्याशी बोलायला हवं होतं तो माणूस हाच.

त्याने उजवा तळहात उचलला आणि स्वतःच्या तोंडापुढे वीतभर अंतरावर धरला. इतका जवळ.

म्हाताऱ्याने मान डोलावली. डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं. खूप वर्षं ज्याची वाट पाहिली तो गावच्या वेशीपर्यंत पोचल्याचा निरोप यावा, तसा तो थोडा ताठ बसला. "झैन," म्हणाला. म्हणजे बरं झालं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर भिकाजीने प्रेमाला सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. ती शेवटी एवढंच म्हणाली, "बरा झाला, तुमी नाय म्हटलात ता." आणि देवाजवळ दिवा लावायला उठली.

लग्न ठरल्या दिवशी झालं. भिकाजी आणि मुजम्मिल दोघंही गेले. ढोल वाजत होते, पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर गात होत्या. नवऱ्यामुलाने आजोबांची बंदूक उंच धरली, बार काढला नाही. कोणी विचारलंही नाही. जेवणाच्या वेळी म्हाताऱ्या सैफने भिकाजीला हाताने खूण करून आपल्या उजव्या अंगाला बसवून घेतलं. डाव्या अंगाला त्याने चटईवर एका माणसाची जागा मोकळी सोडली होती. मंडपात दाटी होती, तरी तिथे तो कोणालाच टेकू देईना. मोठ्या ताटातून त्याने स्वतःच्या हाताने भात आणि मटणाचा एक मोठा तुकडा काढला आणि त्या मोकळ्या जागेपुढच्या थाळीत वाढला.

"अजून कोण यायचं आहे?" मुजम्मिलने भिकाजीच्या कानात विचारलं.

"तू जेव," भिकाजी म्हणाला.

पाण्याचा भरलेला पेला त्याच्या पुढ्यात होता. त्याने तो उचलला आणि म्हाताऱ्याच्या पुढून हात लांब करून त्या थाळीजवळ नेऊन ठेवला.